निर्णयांनाही मुदत असावी

सहा वर्षे मी रोज सकाळी मुलुंडला जलद गाडी पकडत होते, दादरला उतरून गर्दीने गच्च भरलेला पूल ओलांडून पश्चिम मार्गावर जात होते आणि तिथून दुसरी गाडी घेऊन लोअर परळला पोहोचत होते. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेली एक मुलगी एके दिवशी माझ्यासोबत होती. दादर जवळ आले तशी मी दाराकडे सरकू लागले, तेव्हा तिने अगदी सहज विचारले, "ताई, तुम्ही रोज दादरला का उतरता? धीम्या गाडीने थेट करी रोडला गेलो तर तिथून चालत दहाच मिनिटे लागतात ना?" उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि लक्षात आले की सांगण्यासारखे माझ्याकडे काहीच नाही.

कारण आठवले ते पूल चढताना. पूर्वी आमचे कार्यालय महालक्ष्मीला होते. महालक्ष्मी हे स्थानक पश्चिम मार्गावरचे, त्यामुळे मध्य मार्गाने येणाऱ्या माणसाने दादरला गाडी बदलणे हाच तेव्हा सरळ रस्ता होता, आणि तो मी दोन-तीन रस्ते करून पाहून, घड्याळ लावून ठरवला होता. पुढे कार्यालय लोअर परळला हलले. मी फक्त एक स्थानक अलीकडे उतरू लागले, बाकी सारे तसेच ठेवले. म्हणजे निर्णय चुकीचा नव्हता. तो ज्या कारणासाठी घेतला होता ते कारण संपले, आणि तो मात्र आपला चालूच राहिला.

रोजच्या जगण्यात विचारपूर्वक निवड करणे म्हणजे काय, हे समजून घेताना मला हा पूल नेहमी आठवतो. उठल्यापासून झोपेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा खल करत बसायचे, असा या कल्पनेचा अर्थ अनेकजण घेतात आणि हे आपल्याला जमणारे नाही म्हणून तिचा नाद सोडून देतात. तसे जगणे कुणालाच जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. आपण आज जे जे करतो त्यातले बरेचसे कधीतरी, कुणीतरी ठरवलेले असते. कधी आपणच पूर्वी ठरवलेले, कधी घरच्यांनी, कधी मालकाने, कधी एखाद्या ॲपच्या कंपनीने. ते कुणी आणि केव्हा ठरवले, आणि आजही ते आपल्या उपयोगाचे आहे का, एवढे अधूनमधून तपासत राहणे हे या विषयाचे मर्म आहे.

माझ्यासारखी गोष्ट लंडनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडली आणि तिचा नीट अभ्यासही झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवसांचा संप केला. काही स्थानके बंद राहिली, काही चालू राहिली, आणि रोज ठरावीक मार्गाने जाणाऱ्या असंख्य लोकांना त्या दोन दिवसांपुरता दुसरा रस्ता शोधावा लागला. प्रवाशांच्या कार्डांवरून कोण कुठे चढले आणि कुठे उतरले याची नोंद होत असल्यामुळे तीन अर्थशास्त्रज्ञांना संपापूर्वीचे आणि संपानंतरचे प्रवास ताडून पाहता आले. संप मिटल्यावर सारी स्थानके पूर्ववत उघडली, तरीही संपाचा फटका बसलेल्यांपैकी सुमारे पाच टक्के लोक आपल्या जुन्या मार्गावर परतले नाहीत. नाइलाजाने सापडलेला रस्ता त्यांना अधिक सोयीचा वाटला होता. हे लोक नवखे नव्हते. वर्षानुवर्षे रोज तोच प्रवास करणारे, वेळेची किंमत पुरेपूर जाणणारे होते. तरी आपल्याला यापेक्षा बरा रस्ता आहे हे कळायला त्यांना संप व्हावा लागला. मला संपाची गरज पडली नाही, एक प्रश्न पुरला; पण तोही दुसऱ्याने विचारावा लागला, याचे मला अजून वाईट वाटते.

असे का होते हे समजण्यासाठी सवय ही काय चीज आहे ते पाहावे लागते, आणि त्यासाठी महिलांच्या डब्याइतकी चांगली जागा नाही. संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसलेली एखादी बाई पिशवीतून गवार काढते आणि मांडीवर वर्तमानपत्राचा कागद पसरून ती निवडू लागते. शेंगेचे टोक मोडायचे, त्याच ओढीत कडेची शीर काढायची, दुसऱ्या टोकाशी तेच करायचे, शेंगेचे दोन-तीन तुकडे करून पिशवीत टाकायचे. हे चालू असताना ती शेजारणीला मुलीच्या ॲडमिशनची सगळी हकिकत सांगत असते आणि घाटकोपर ते मुलुंड या टप्प्यात एकदाही खाली पाहत नाही. तिच्या बोटांना आता तिच्या लक्षाची गरज उरलेली नाही. पहिल्यांदा गवार निवडायला बसलेली मुलगी प्रत्येक शेंगेकडे बघत असते. तेच काम शेकडो वेळा एकाच क्रमाने झाले की मेंदू ते जणू एका गाठोड्यात बांधून ठेवतो. मग एक खूण मिळाली की सारे गाठोडे आपोआप सुटते. ती खूण म्हणजे एखादी जागा असेल, एखादी वेळ असेल किंवा आधीची एखादी कृती असेल. आपण याला हात बसणे, अंगवळणी पडणे म्हणतो, आणि हे शब्द अगदी नेमके आहेत, कारण ती गोष्ट खरोखरच विचारातून निघून अंगात गेलेली असते.

अशा गोष्टी दिवसभरात किती असतात? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला आपण काय करत आहोत आणि मनात काय चालले आहे याची नोंद ठेवायला सांगितले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, बहुधा त्याच जागी होणाऱ्या होत्या, आणि अशी कृती करत असताना मन बहुतेक वेळा भलतीकडेच असायचे. वूड यांचा दुसरा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यांनी चित्रपटगृहात आलेल्या काही प्रेक्षकांना ताजे पॉपकॉर्न दिले आणि काहींना आठवड्याचे शिळे, सादळलेले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, जरी चव आवडली नाही असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. मात्र तशाच सवयीच्या माणसांना चित्रपटगृहाऐवजी एका साध्या खोलीत बसवल्यावर, किंवा चित्रपटगृहातच पण रोजच्या नव्हे तर दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर, शिळे पॉपकॉर्न मागे राहू लागले. जागा बदलली किंवा हात बदलला, एवढ्याने जीभ पुन्हा जागी झाली.

यावरून सवय ही वैरीण आहे असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या शहरात लाखो माणसे मिनिटांच्या हिशेबाने घर सोडतात, डबा, चावी, पास आणि मोबाइल न विसरता गाडी पकडतात, त्या शहराचा सकाळचा गाडा सवयीवरच चालतो. दात कोणत्या हाताने घासायचे आणि चहाचे आधण केव्हा ठेवायचे यात जाणूनबुजून निवड करण्यासारखे काही नाही, आणि ते सारे सवयीवर सोपवल्यामुळेच आपले लक्ष मुलाच्या तापाकडे किंवा कामातल्या अडचणीकडे वळू शकते. सवयीतली उणीव एकच आहे: ती आपल्या हातून काम करून घेते, पण ते काम कशासाठी सुरू झाले होते याची आठवण ठेवत नाही. ती आठवण आपणच ठेवावी लागते.

सवयीखेरीज आणखी एका वाटेने आपले निर्णय आपल्या हातून जातात, आणि ती वाट अधिक जपून पाहण्यासारखी आहे. कुठलाही अर्ज, ॲप किंवा योजना घेतली तरी त्यात आपण काहीच केले नाही तर आपोआप लागू होणारा एक पर्याय असतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. नोकरदारांच्या माहितीतले उदाहरण प्राप्तिकराचे आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हा डिफॉल्ट पर्याय झाला. जुनी प्रणाली रद्द झालेली नाही, पण ती हवी असल्यास तसे सांगावे लागते. न सांगितल्यास कंपनी नव्या प्रणालीनुसार करकपात करते. नव्या प्रणालीत दर कमी आहेत, परंतु घरभाडे भत्त्याची सवलत आणि गुंतवणुकीवरची दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट त्यात मिळत नाही. अनेकांसाठी नवी प्रणालीच फायद्याची ठरते, मोठे घरभाडे भरणाऱ्या आणि भरपूर वजावटी असणाऱ्या काहींसाठी जुनी ठरू शकते. माझ्या ओळखीच्या किती जणांनी दोन्ही आकडे कागदावर मांडून पाहिले, असे मी विचारले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी "कंपनीने केले तेच ठेवले" असे सांगितले. पगारदार माणसाला ही निवड दरवर्षी नव्याने करता येते. तासाभराचे काम आहे आणि त्यावर वर्षभराचा कर ठरतो, म्हणून ते एप्रिल महिन्यात करावेच, असे मी आवर्जून सांगेन.

सरकारी डिफॉल्टमागे निदान जाहीर धोरण असते. बाजारातले काही डिफॉल्ट आपल्या दुर्लक्षावरच पोट भरण्यासाठी रचलेले असतात. तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, टोपलीत न मागितलेली वस्तू येऊन बसते, "फक्त दोनच शिल्लक" अशी खोटी घाई लावली जाते, वर्गणी सुरू करायला एक बोट पुरते आणि बंद करायला सात पडदे ओलांडावे लागतात, किंवा नकाराच्या बटणावर "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असे लाजवणारे वाक्य लिहिलेले असते. या क्लृप्त्यांना डार्क पॅटर्न असे नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत आणि त्यानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते. तो संदेश आपण बहुतेक वेळा न वाचता बाजूला सारतो. खरे तर ही वर्गणी आजही हवी आहे का, हा प्रश्न नेमक्या वेळी आपल्या दारात आणून ठेवणारा तो संदेश आहे.

पण समजा कुणीही फसवत नाही, माहितीही समोर आहे, तरीसुद्धा माणूस आहे तिथेच राहणे पसंत करतो. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अभ्यासकांनी १९८८ मध्ये अनेक प्रयोगांतून हे दाखवले. तेच पर्याय लोकांसमोर ठेवायचे, फक्त त्यातला एक "सध्या चालू असलेला" म्हणून सांगायचा. लगेच त्या पर्यायाची पसंती वाढते. बदल करून पस्तावणे हे न बदलता पस्तावण्यापेक्षा जास्त झोंबते, हे त्याचे एक कारण आहे. बदल केला आणि बिघडले तर दोष आपल्यावर येतो. बदल केला नाही आणि बिघडले तर आपण नशिबावर ढकलून मोकळे होतो.

यावर मला सापडलेला उपाय मुंबईतल्या भाडेकरूंच्या रोजच्या व्यवहारातला आहे. या शहरात भाड्याने राहणाऱ्याला लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार पाठ असतो. अकरा महिन्यांच्या प्रथेमागे कायद्याचा आणि नोंदणीचा जुना इतिहास आहे, त्यात इथे शिरत नाही. भाडेकरूला त्याचा त्रासही होतो, भाडे वाढते, सामान बांधायची टांगती तलवार राहते. तरीही त्या कराराने एक काम चोख होते. दर अकरा महिन्यांनी घरातली माणसे जेवणानंतर बसतात आणि विचारतात की हे घर ठेवायचे का, मुलांची शाळा लांब पडते का, पाणी पुरते का, या भाड्यात दुसरीकडे काय मिळेल. बहुतेक वेळा तेच घर ठेवायचे ठरते, पण ते ठरते. स्वतःच्या मालकीच्या घरात पंचवीस वर्षे राहणारे लोक हा प्रश्न एकदाही विचारत नाहीत, आणि तीन खोल्यांपैकी एक खोली वीस वर्षे अडगळीने भरलेली असते. आपण आपल्या इतर निर्णयांनाही अशी मुदत घालू शकतो. मुदत संपली की एकच प्रश्न विचारायचा: हे आज नव्याने ठरवायचे असते तर मी हेच ठरवले असते का? उत्तर हो आले तर पुढच्या मुदतीपर्यंत डोक्याला त्रास नाही. नाही आले, तर बदलायचे.

या प्रश्नातला "नव्याने" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तो आधी घातलेला पैसा आणि वेळ हिशेबातून वगळतो. बसथांब्यावर पंचवीस मिनिटे उभे राहिलेला माणूस रिक्षा करत नाही, कारण इतका वेळ थांबलोच आहोत असे त्याला वाटते, जरी ती पंचवीस मिनिटे दोन्ही वाटांनी सारखीच गेलेली असतात. वर्षाचे पैसे भरले म्हणून न आवडणाऱ्या क्लासला जाणे, अकरावी-बारावी विज्ञानात गेली म्हणून पुढे तेच रेटणे, यांचे मूळ एकच आहे. गेलेले परत मिळवण्याच्या नादात आपण हातातले घालवतो.

आता उलट बाजूची चूक. काही माणसे विचार करण्याच्या नावाखाली निर्णयच घेत नाहीत. साधा मिक्सर घ्यायचा तर दोनशे अभिप्राय वाचतात, दादर ते क्रॉफर्ड मार्केट पालथे घालतात, आणि घेतल्यावरही दुसरा बरा होता का असे वाटून झुरत राहतात. अर्थशास्त्राचे १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी या बाबतीत एक फार समंजस विचार मांडला. माणसाजवळचा वेळ, माहिती आणि हिशेब करण्याची ताकद मर्यादित असते, म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला पर्याय मिळाला की थांबतो, आणि त्याने तसेच करण्यात शहाणपण आहे, असे त्यांचे म्हणणे. याची रीत सोपी आहे. शोधायला लागण्याआधी आपल्या अटी लिहून काढायच्या आणि त्या पुऱ्या करणारी पहिली वस्तू घ्यायची. घर शोधताना आम्ही चार अटी ठरवल्या होत्या: स्थानकापासून चालत पंधरा मिनिटे, सकाळी पाणी, ठरलेल्या रकमेच्या आत भाडे, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट किंवा तळमजला. सातवे घर या चारही अटींत बसले आणि आम्ही शोध थांबवला. एजंट "आणखी दोन दाखवतो" म्हणत होता. आठवे घर याहून चांगले असेलही, पण ते पाहायला जाणारा रविवारही आमचाच होता.

पर्याय जितके जास्त तितकी निवड अवघड, असे सांगताना अमेरिकेतला जॅमचा प्रयोग हटकून सांगितला जातो. दुकानात २४ प्रकारचे जॅम चाखायला मांडले तेव्हा थांबणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच खरेदी केली, सहाच मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी केली, असा त्याचा २००० सालचा निष्कर्ष आहे. नंतर अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा हा परिणाम सरसकट सगळीकडे दिसत नाही असे आढळले. आपल्याला काय हवे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चोवीस बाटल्या गोंधळात पाडत नाहीत. म्हणजे पुन्हा तेच, अटी आधी ठरवायच्या.

मग नेमका विचार कशावर खर्च करावा? माझी कसोटी साधी आहे. जी गोष्ट रोज घडते आणि वर्षानुवर्षे घडत राहणार आहे, तिच्यावर. जी एकदा केल्यावर परत फिरवणे कठीण आहे, तिच्यावर. आणि जिचा भार दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडतो, तिच्यावर. हॉटेलात काय मागवायचे यात यातले काहीच नाही. रात्री फोन उशाशी ठेवायचा की स्वयंपाकघरात, यात पहिली गोष्ट आहे. घरातले आजारपणाचे, म्हाताऱ्या माणसांचे, मुलांच्या डब्याचे काम कोण करणार, यात तिन्ही आहेत, आणि नेमके हेच काम बहुतेक घरांत कुणीही न ठरवता एकाच माणसाकडे, म्हणजे घरातल्या बाईकडे गेलेले असते. कुणी तिच्यावर लादले असे नाही, तिने निवडले असेही नाही. ते डिफॉल्ट आहे. या एका गोष्टीला मुदत घालून बसायला हवे, असे मला अगदी मनापासून वाटते.

ठरवणे वेगळे आणि तसे वागणे वेगळे, हा अनुभव सर्वांचाच आहे. यावर पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केलेले काम उपयोगाचे आहे. आपण जर-तरची भाषा टाळाटाळीसाठी वापरतो. त्यांनी ती पक्केपणासाठी वापरली. "मी जास्त चालेन" असा मोघम संकल्प करण्याऐवजी "जर अमुक वेळ किंवा प्रसंग आला, तर मी अमुक करेन" असे वाक्य आधी तयार करून ठेवायचे. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ तपासण्यांचा आढावा घेतला आणि या साध्या युक्तीने ठरवलेली गोष्ट प्रत्यक्षात उतरण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते असे दाखवले. सवय जशी खुणेवर चालते तसेच हे वाक्यही खुणेवर चालते. फरक इतकाच की इथे खूण आणि कृती दोन्ही आपण निवडलेली असतात.

आमच्या घरात याचा सर्वांत जास्त उपयोग रविवार वाचवायला झाला. बारसे, साखरपुडा, वास्तुशांत, हळदीकुंकू, सत्यनारायण, गृहसंकुलाची सभा असे काही ना काही प्रत्येक रविवारी निघते, आणि फोनवर आपुलकीने बोलावणाऱ्या माणसाला नाही म्हणायला जीभ वळत नाही. त्या एका क्षणात दिलेल्या होकारात सगळा दिवस जातो. म्हणून मी वाक्य ठरवले: जर कुणी रविवारचे बोलावणे केले, तर लगेच होकार किंवा नकार न देता संध्याकाळी कळवते असे सांगायचे. पहिल्यांदा ते मावशीला सांगताना माझा घसा कोरडा पडला होता.

"मावशी, घरी बोलते आणि संध्याकाळी नक्की कळवते हं."

"अगं, त्यात काय कळवायचं? या तुम्ही!"

"यायची इच्छा आहे गं मावशी, म्हणूनच नीट बघून सांगते."

संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून पाहिले आणि गेलो. मावशीच्या नातवाचे बारसे होते, न जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या एका बोलावण्याला, जिथे आम्ही केवळ तोंडदेखले जाणार होतो, नम्रपणे नाही कळवले. दोन्ही उत्तरे आमची होती. नकार देता येणे हा या युक्तीतला मोठा लाभ आहे असे मी समजत होते. प्रत्यक्षात होकाराला वजन आले, हे मला जास्त मोलाचे वाटते. बारशाला आम्ही तीन तास निवांत बसलो, कुणीही घड्याळाकडे पाहत नव्हते.

नवी गोष्ट अंगवळणी पडायला एकवीस दिवस लागतात असे सर्रास सांगितले जाते. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांच्या सवयी तपासल्या तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक व कामागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. तसेच इच्छाशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी दिवसभरात संपत जाते, ही १९९८ पासून गाजलेली कल्पना २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आला. म्हणून संध्याकाळी आपण हरलोच आहोत असे धरून चालायचे कारण नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. निवड करायला काही जागा हातात असावी लागते, आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. ज्या घरात नळाला पाणीच पहाटे पाचला येते, तिथे पहाटे उठून ध्यान करा हा सल्ला कुणाच्या कामाचा? चार घरची धुणीभांडी करून पाचव्या घरी स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला रविवार कुठे घालवायचा हा प्रश्नच पडत नाही. तिच्या आयुष्यात विचार कमी पडलेला नसतो. ती तर दहा रुपयांचा भाजीचा वाटाही पारखून घेते. तिला कमी पडतात ते तास आणि पैसे. ज्यांच्याकडे निवडीला थोडी जागा आहे त्यांनी ती नीट वापरावी, आणि आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाची वेळ, सुट्टी आणि पगार हे निर्णयही किती वर्षांपूर्वी ठरवून तसेच ठेवले आहेत, ते एकदा बघावे. मी पाहिले तेव्हा आमच्याकडच्या ताईंचा पगार अडीच वर्षे तोच होता. कुणी नाही म्हटले नव्हते. कुणी विचारलेच नव्हते. तो त्याच महिन्यात वाढवला आणि पुढची तारीखही त्यांच्यासमोरच ठरवली.

आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर मी एक यादी लिहून ठेवते: काय ठरवले, का ठरवले आणि पुन्हा केव्हा पाहायचे. "का" हा रकाना मी कधीच रिकामा ठेवत नाही, कारण महालक्ष्मीचे कारण कुठे लिहिलेले असते तर कार्यालय हलले त्याच आठवड्यात मला करी रोड सुचले असते. यादीत सध्या सात नोंदी आहेत. त्यातली एक माझ्या नव्या रस्त्याची आहे. ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या गाडीत मला मुलुंडला बऱ्याचदा बसायला जागा मिळते, करी रोडला उतरून चालत गेले तरी आधीपेक्षा बारा मिनिटे लवकर पोहोचते, आणि तो पूल चढावा लागत नाही. पण हे सारे कोरड्या दिवसांतले झाले. भर पावसात छत्री, डबा आणि पर्स सांभाळत तेवढे चालणे जमते का, हे अजून पाहायचे आहे, म्हणून त्या नोंदीपुढे मी १५ जुलै ही तारीख घातली आहे.